मळवलीचा दगड आणि आपलं 'फ्लिप'चं बटण

दुसऱ्या दिवशी मिनी प्रोजेक्टचा डेमो, झेरॉक्सवाल्याचं शटर खाली यायला दहा मिनिटं आणि आमचा पीसीबी अजून पेनड्राइव्हमध्येच! टी.ई.च्या कुठल्याही विद्यार्थ्याला ही परिस्थिती नवीन नाही. तेवढ्यात पार्टनरने आठवण करून दिली, "अरे, प्रिंट उलटी काढायची असते ना? मिरर करून?" हॉस्टेलमध्ये कुणी ना कुणी हे सांगतंच. मीही फार विचार केला नाही. दुकानातल्याच कॉम्प्युटरवर ब्राउझर उघडला, 'फ्लिप इमेज' असं टाइप केलं, जी पहिली साइट निघाली तिच्यावर आमचा लेआउट टाकला आणि बटण दाबलं. तीन सेकंदांत डावं ते उजवं, उजवं ते डावं. ग्लॉसी पेपरवर प्रिंट घेतली आणि पावसातून पळत रूमवर आलो.

पुढचा कार्यक्रम तुम्हाला माहीतच आहे. कागद तांब्यावर पालथा घालायचा, वरून इस्त्री फिरवायची, बादलीत बुडवून कागद सोलायचा आणि मग आइस्क्रीमच्या जुन्या डब्यात फेरिक क्लोराइड. पहाटे चार वाजता बोर्ड इतका सुंदर निघाला होता की आम्ही त्याचे फोटो काढले. सकाळी अकरा वाजता त्याच बोर्डातून धूर निघाला.

गेला तो मोटर ड्रायव्हर आयसी, म्हणजे एल२९३डी. आता गंमत बघा. हा आयसी दोन्ही बाजूंनी जवळपास सारखा आहे. एका बाजूचे इनपुट-आउटपुट, समोरच्या बाजूलाही इनपुट-आउटपुट. मधले चार पाय ग्राउंडचे, तेही समोरासमोर. त्यामुळे पूर्ण बोर्ड आरशात बघितल्यासारखा उलटा झाला होता तरी मल्टिमीटरने ग्राउंड तपासल्यावर सगळं बरोबरच दिसलं. घोटाळा झाला तो एका जोडीत. आठव्या पायावर मोटरचा १२ व्होल्ट सप्लाय येतो आणि त्याच्या समोरचा नववा पाय इनेबलचा, ज्याला सातच्या वर व्होल्टेज चालत नाही. डाव्याचं उजवं झालं आणि १२ व्होल्ट थेट इनेबलवर गेले. सोळा पायांपैकी चौदांनी आम्हाला सांभाळून घेतलं, दोघांनी घेतलं नाही!

लॅबमधल्या काकांनी जळका बोर्ड हातात घेऊन एक मिनिट बघितला आणि विचारलं, "प्रिंट मिरर केली होतीस का?"

म्हटलं, "हो काका, करायचीच असते ना?"

"कधी करायची, कधी नाही. लेआउट तू वरून बघून काढलास, तांबं खाली. म्हणजे खालच्या बाजूने बघितलं तर ते उलटं दिसायला हवं. कागद पालथा घातलास तेव्हा ते आपोआप उलटं झालं असतं. तू आधीच एकदा उलटं केलंस. दोनदा आरसा धरला की काय होतं?"

"सरळ."

"मग तुला सरळ नको होतं ना!" आणि मग हसून म्हणाले, "शंभर वर्षांपूर्वी इथं मळवलीत लोक हेच काम दगडावर करत होते. त्यांना बटण नव्हतं, म्हणून त्यांच्या चुका होत नव्हत्या."

हे वाक्य डोक्यातून जाईना. चुका होत नव्हत्या हे काकांनी जरा वाढवूनच सांगितलं असेल, पण मळवलीचं प्रकरण काय आहे ते शोधून काढलं. आणि आपण ज्या मळवली स्टेशनवरून भाजे-लोहगडला जातो, लोकल थांबली की फक्त वडापावची आठवण काढतो, त्या मळवलीबद्दल आपल्याला किती कमी माहिती आहे हे कळून लाज वाटली.

राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत लिथोग्राफीचा छापखाना काढला. जर्मनीहून यंत्रं आणि तंत्रज्ञ आणले. राजेरजवाड्यांच्या महालांत टांगलेली चित्रं सामान्य माणसाच्या घरात जावीत हा हेतू. मग मुंबईत प्लेग आला आणि १८९९ च्या सुमारास हा छापखाना मळवलीला हलला. धंदा तोट्यात गेल्यामुळे थोड्याच वर्षांत तो फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाच्या ताब्यात गेला, पण चित्रं निघतच राहिली. आपल्या आजीच्या देवघरातली लक्ष्मी, सरस्वती, जुन्या वाड्यांतल्या काचेच्या फ्रेममधली चित्रं... यांतली कितीतरी मावळातून देशभर गेली. सिनेमाकडे वळण्याआधी दादासाहेब फाळक्यांनीही लोणावळ्यात राहून या प्रेससाठी काम केलं होतं आणि पुढे स्वतःचा छापखाना काढला. 'राजा हरिश्चंद्र' आला १९१३ साली, त्याच्या आधीची ही गोष्ट. १९७२ मध्ये लागलेल्या आगीत मळवलीचा कारखाना जळाला.

आता मुद्द्याचं. लिथोग्राफी म्हणजे शिळाप्रेस. ही युक्ती १७९६ च्या सुमारास बव्हेरियातल्या आलॉइस सेनेफेल्डरने शोधली. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट शाईने किंवा खडूने चित्र काढायचं. दगड ओला करायचा. पाणी जिथे चित्र नाही तिथे थांबतं, तेलकट रेषेवर थांबत नाही. मग वरून छपाईची शाई फिरवली की ती फक्त तेलकट रेषेला चिकटते. वर कागद ठेवून दाबला की चित्र कागदावर! मराठीला हे तंत्र काही नवीन नव्हतं. गणपत कृष्णाजींनी मुंबईत १८३१ साली छापलेलं पहिलं मराठी पंचांग शिळाप्रेसवरचंच.

पण कागद दगडावर पालथा पडतो, म्हणजे चित्र उलटं उमटतं. म्हणून दगडावर ते आधीच उलटं काढायला लागतं. रंगीत चित्राला प्रत्येक रंगाचा वेगळा दगड. दहा रंग असतील तर दहाही दगडांवर उलटं चित्र, आणि दहाही एकमेकांवर केसभरही न सरकता बसले पाहिजेत. खालची अक्षरंसुद्धा उलटी. या धंद्यातले कारागीर मूळ चित्र आरशात बघून दगडावर काढत, किंवा आधी खास कागदावर सरळ काढून तो कागद दगडावर उतरवत. उतरवताना एकदा उलटं, छापताना दुसऱ्यांदा उलटं, म्हणजे शेवटी सरळ. माझ्या ग्लॉसी पेपरच्या आणि इस्त्रीच्या प्रकाराचा हा थेट पणजोबा झाला! आणि ऑफसेट छपाईत आजही हेच गणित आहे. प्लेटवर मजकूर सरळ, रबरी ब्लँकेटवर उलटा, कागदावर पुन्हा सरळ.

एम-थ्रीमध्ये आपण मॅट्रिक्स पाठ केल्या, त्यातलीच ही एक. एका अक्षाचं चिन्ह बदलायचं, डिटर्मिनंट वजा एक. फिरवण्याच्या मॅट्रिक्सचा डिटर्मिनंट अधिक एक. म्हणून चित्र पाटावर कितीही गोल फिरवा, ते कधीही आरशातलं चित्र होत नाही. आडवं फ्लिप आणि उभं फ्लिप दोन्ही केलं तर मात्र ते नुसतं अर्धवर्तुळ फिरवल्यासारखं होतं, कारण वजा गुणिले वजा अधिक. परीक्षेत आपण हे दोन मार्कांसाठी लिहितो. मळवलीच्या कारागिराने मॅट्रिक्सचं नाव ऐकलं नसेल, पण आपण कितव्या आरशात आहोत हे त्याला प्रत्येक क्षणी माहीत असावं लागे. चुकला तर अख्खा दगड पुन्हा घासायला लागे. आपल्याला 'अनडू' आहे, म्हणून आपण मोजणंच सोडून दिलंय.

माझं म्हणणं एवढंच आहे. फ्लिपचं बटण वाईट नाही, पण डावं-उजवं ही माहिती आहे, सजावट नाही. बटण दाबण्याआधी ती माहिती कुणाची आहे आणि पुढे तिचं काय होणार हे विचारायला पाहिजे.

कुणी म्हणेल, पीसीबीचं ठीक आहे, तिथे आयसी जळतो. पोस्टरवरच्या फोटोने काय जळणार? तर गेल्या गॅदरिंगच्या बॅनरचं उदाहरण घ्या. बॅनर करणारे माझे मित्रच आहेत, राग मानू नका! मजकूर डावीकडे बसवायचा होता म्हणून कार्ल्याच्या चैत्याचा फोटो फ्लिप केला. दिसायला झकास. पण कार्ल्याला गेलेल्या माणसाला विचारा. चैत्यासमोर उभं राहिलं की सिंहस्तंभ डाव्या हाताला आणि आई एकवीरेचं देऊळ उजव्या हाताला. बॅनरवर देऊळ डावीकडे! आपल्या मेसमध्ये पोळ्या करणाऱ्या मावशी वेहेरगावच्या. दर यात्रेला गडावर जाणाऱ्या. त्या बॅनरखाली उभ्या राहून बराच वेळ बघत होत्या. मला म्हणाल्या, "दादा, हे आमचं कार्लं न्हाई. कुठलं दुसरं हाय का?" मी काय उत्तर देणार? फोटो त्यांच्याच गावाचा होता आणि त्यांनाच ओळखू आला नाही. आपण मजकूर बसवायला जागा केली आणि त्यांच्या देवीची जागा बदलली.

शिवाय कार्ल्याच्या लेण्यांत ब्राह्मी शिलालेख आहेत. ब्राह्मी डावीकडून उजवीकडे लिहितात. फ्लिप केलेल्या फोटोत ती उजवीकडून डावीकडे होते आणि कुठल्याही लिपीत बसत नाही. आपल्याला वाचता येत नाही म्हणून चाललं. तेच 'विद्यार्थी स्वागत' असं मराठीत लिहिलेलं असतं तर फ्लिप करायची कुणाची हिंमत झाली असती का? म्हणजे आपण फक्त आपल्याला वाचता येणाऱ्या गोष्टींचा मान ठेवतो, असाच याचा अर्थ झाला.

लोहगड-विसापूरचं तर आणखी मजेशीर आहे. मळवलीहून दक्षिणेकडे बघितलं की विसापूर डावीकडे आणि लोहगड उजवीकडे. तोच फोटो फ्लिप करा. आता लोहगड डावीकडे आला, म्हणजे पवना धरणाच्या बाजूने बघितल्यासारखा. पण उजेड, झाडी, वाट सगळं मळवलीच्या बाजूचं. अशी जागा जगात कुठेही नाही. ट्रेकच्या माहितीपत्रकावर असा फोटो छापला आणि एखादा नवखा पोरगा पावसाळ्यात, धुक्यात, 'फोटोत तर गड डावीकडे आहे' म्हणून डावीकडची वाट धरून निघाला तर? दर पावसाळ्यात आपल्या भागात वाट चुकलेल्या पोरांना शोधायला स्थानिक मंडळी रात्री-अपरात्री बाहेर पडतात. त्यांच्या कामात आपण भर घालायची का?

आता गणपती. घरोघरी बहुतेक डाव्या सोंडेची मूर्ती असते. उजव्या सोंडेच्या गणपतीचं सोवळं-ओवळं कडक मानतात. अष्टविनायकांत उजव्या सोंडेचा एकच, सिद्धटेकचा. तुमचा यावर विश्वास असो वा नसो (माझा स्वतःचा काठावरच आहे), पण हॉस्टेलच्या गणपतीचं निमंत्रण करताना फोटो उजवीकडे तोंड करून छान दिसतो म्हणून फ्लिप केला, तर सोंड बदलते, आशीर्वादाचा उजवा हात डावा होतो, मोदक दुसऱ्या हातात जातो. ज्यांच्या वर्गणीतून गणपती बसतो त्यांना न विचारता त्यांचा देव बदलायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? मळवलीच्या छापखान्यात दगडावरची सरस्वती डाव्या हाताने वीणा छेडत असेल, पण घरात जाणारी सरस्वती उजव्याच हाताने छेडायची. सगळा खटाटोप त्यासाठीच होता.

आणि जिथे श्रद्धेचा प्रश्न नाही, तिथे तर चुकीची किंमत जास्त. एक्स-रे काढताना शिशाचं छोटं अक्षर ठेवतात, ही बाजू डावी की उजवी हे कळावं म्हणून. काही थोड्या लोकांचं हृदय जन्मतःच उजवीकडे असतं. साध्या माणसाचा एक्स-रे फ्लिप केला तर तो तसाच दिसेल. बायोमेडिकल इमेजिंगचे प्रोजेक्ट करणाऱ्या मित्रांनी हे ध्यानात ठेवावं. मशीन लर्निंगमध्ये डेटा वाढवायचा म्हणून सगळे फोटो सरसकट फ्लिप करण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मांजर फ्लिप केली तर मांजरच राहते. पण रस्त्यावरची 'डावीकडे वळा' ही पाटी फ्लिप केली तर ती 'उजवीकडे वळा' होते, आणि आपण मात्र लेबल तेच ठेवतो. मॉडेल बिचारं जे शिकवलं ते शिकतं.

आता दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर म्हणाल फार लेक्चर दिलं. फ्लिप हवंच अशा जागा आहेत. टी-शर्टवर इस्त्रीने छाप उतरवायची असेल तर आधी उलटं करायलाच लागतं. रबर स्टॅम्प, लिनोकट, वरच्या बाजूच्या तांब्याचा पीसीबी, तिथेही हवं. समोरच्या कॅमेऱ्याने काढलेल्या सेल्फीत टी-शर्टवरची अक्षरं उलटी आली तर ती सरळ करायला हवंच, कारण तिथे आपण खरं ते परत आणतोय. आणि नुसती नक्षी, ढग, पोत असेल तर खुशाल करा. यातलं सूत्र लक्षात आलं असेल. पुढच्या टप्प्यात जे उलटं होणार आहे ते आधी उलटं करायचं, किंवा आधीच उलटं झालेलं सरळ करायचं. आरसे मोजायचे. शेवटचा आकडा सम आला पाहिजे, की चित्र खरं.

ब्राउझरमधल्या या साधनांबद्दलही दोन शब्द. ती मला आवडतात. लॅबच्या कॉम्प्युटरवर काही इन्स्टॉल करता येत नाही, गावाकडे स्वस्त मोबाइलवरसुद्धा काम होतं, पैसे लागत नाहीत. चोरीचं महागडं सॉफ्टवेअर वापरण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं. पण साधनं दोन जातींची असतात. काही चित्र तुमच्याच मशीनवर ब्राउझरच्या आत उलटं करतात, काही ते आधी कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरवर पाठवतात. ओळखायची साधी युक्ती म्हणजे पान उघडून झालं की नेट बंद करा आणि मग फ्लिप करून बघा. झालं तर काम तुमच्याच मशीनवर होतंय. झालं नाही तर तुमचं चित्र बाहेर जात असण्याची शक्यता धरा, आणि आधार कार्ड, मार्कशीट, मैत्रिणीचा फोटो असलं काही तिथे टाकू नका. स्कॉलरशिपच्या फॉर्मसाठी फोटो सरळ करायला म्हणून आपण काय काय कुठे कुठे टाकून आलोय, आठवून बघा!

दुसरं, मूळ फाइल जपून ठेवा. जेपेग फाइल उघडून फ्लिप करून पुन्हा जेपेगमध्ये साठवली की बहुतेक साधनं ती पुन्हा दाबतात आणि दर वेळी थोडा तपशील जातो. फोटो कधी, कुठे काढला ही आतली नोंदही अनेकदा पुसली जाते. चार हातांतून गेलेल्या फोटोत मूळ डावं कुठलं हे मग कुणालाच सांगता येत नाही. फाइलच्या नावात 'उलटा' एवढा एक शब्द जोडायला काय जातं?

मी त्या रात्री हे काहीच केलं नाही. प्रश्न विचारायचा सोडून बटण दाबलं. डेमोला शून्य मिळालं नाही, सरांनी आठवडा दिला. पण नवा आयसी आणि नवा बोर्ड आणायला पार्टनरने घरून आलेल्या पैशांतले पैसे काढले आणि महिनाभर त्याने मेसशिवाय बाहेर काही खाल्लं नाही. त्याच्या घरची परिस्थिती मला माहीत आहे. चूक माझ्या बोटाची आणि पोट त्याचं! म्हणून हा विषय मला किरकोळ वाटत नाही.

दुसऱ्या वेळी बोर्ड केला तेव्हा कागदाच्या कोपऱ्यात आम्ही आमच्या बॅचचं नाव लिहिलं. तांब्याच्या बाजूने बघताना ते सरळ वाचता आलं तर बोर्ड बरोबर, उलटं आलं तर इस्त्री लावायच्या आधीच थांबायचं. काकांनी शिकवलेली युक्ती. त्यात काही हुशारी नाही, पण तेव्हापासून एकही बोर्ड उलटा निघाला नाही.

पुढच्या वेळी लोकल मळवलीला थांबेल तेव्हा खिडकीतून जरूर बघा. दगड राहिले नाहीत, कारखानाही राहिला नाही. पण इथे कधीकाळी माणसं दिवसभर उलटं काढत बसायची, आणि तेही कुठल्यातरी अनोळखी घरात चित्र सरळ लागावं म्हणून. आपल्याकडे तर बटण आहे. निदान दाबण्याआधी दोन सेकंद आरसे मोजूया. आणि बॅनर कमिटीला विनंती, यंदा कार्लं जसं आहे तसं लावा. मावशींना दाखवून मगच छापायला द्या. बघा पटतंय का!